मोजता मोजता झोपलेला साळूराव

मंगळवार, ९ ऑक्टोबर
स्टुडिओची शिवणखोली

चि. बुटके,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू, जावईबापू आणि आमची ठकी मजेत ना? ठकीच्या दाढा आल्या की अजून रात्रीची बोंबच?

फोन न करता पत्र का, असं म्हणशील. फोनवर मला खोटं फार छान बोलता येतं. तू कधी 'बाबा कसा आहे' असं सरळ विचारत नाहीस, 'बाकी काय' विचारतेस. आणि मीही 'बाकी मजेत' म्हणून सुटते. तू काम सोडून गेल्यापासून आपलं दोघींचं हेच चाललंय. कागदावर मात्र मला तुझ्या बाबासारखं सोंग जमत नाही.

तर बातम्या. नवी दिग्दर्शिका आलीय. पोरगी चांगली आहे, फक्त तिला ऊठसूट सगळं गोड वाटतं. आपल्या साळूराव बाहुल्याचे काटे नव्या लोकरीने विणले, आता तो साळिंदर कमी आणि न विंचरलेला मामा जास्त दिसतो. शनिवारी चित्रित केलेला भाग काल पाहिलात ना? साळूराव बटणं मोजता मोजता भिंतीवर डोकं टेकून झोपतो तो? सतरंजीवर बसवलेली पोरं खदाखदा हसली. दिग्दर्शिका म्हणाली, "कसलं गोड! हे ठेवायचंच." आणि ठेवलं. ठकीही हसली असेल.

बुटके, तो झोपला नव्हता.

लिहिलं एकदाचं. आता थांबले तर हे पत्र मी फाडून टाकीन, म्हणून भरभर लिहिते.

ती जागा तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दादाचा उजवा हात वर साळूरावाच्या डोक्यात, डावा त्याच्या डाव्या हातात, आणि दादाच्या बगलेखाली घुसून आपण साळूरावाचा उजवा हात चालवायचा. कान त्याच्या बरगडीला. त्याने श्वास घेतला की वाक्य येणार, की आपला हात हलणार. इतकी वर्षं तू तशी उभी राहिलीस, खोक्यावर चढून, आणि तू गेल्यावर मी. त्या माणसाच्या छातीत काय चालतं ते आपल्या दोघींइतकं कुणालाच ठाऊक नाही. तुझ्या आईलाही नव्हतं.

शनिवारी तो 'सहा' म्हणाला. मी 'सात'साठी बटण उचलून श्वासाची वाट बघत होते. श्वास आलाच नाही. ठोकाही आला नाही. मग त्याचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला आणि वर साळूरावाचं डोकं भिंतीवर कलंडलं.

आणि मी काय केलं माहितीये? ओरडले नाही. डाव्या हाताने दादाचं कोपर पेललं आणि उजव्या हाताने साळूरावाचे डोळे चोळले. बाहुल्याचा हात त्याच्याच पोटावर ठेवला. घोरण्याचा आवाजही मीच काढला. सख्खा भाऊ अंगावर लोळागोळा होऊन पडलाय आणि मी घोरतेय! 'पोरांसमोर बाहुली कधी मेली नाही पाहिजे' हे त्यानेच आपल्याला शिकवलेलं. हाताने ते पाळलं. मला विचारलंसुद्धा नाही.

मग त्याच्या छातीत काहीतरी धडपडलं, आणि तो म्हणाला, "सात." जणू काही झालंच नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

कॅमेरा बंद झाल्यावर मी म्हटलं, "दादा, डॉक्टरकडे चल." तर म्हणाला, "उकडत होतं. आणि हे कुणाला बोललीस तर तुझं माझं नातं संपलं." त्यानंतर रोज सांगतेय. पालथ्या घड्यावर पाणी. तो न्हाणीत गेला की मी दार वाजवते, "दादा, पाणी गरम आहे का?" आतून उत्तर येतं, "जिवंत आहे." त्याला विनोद वाटतो. मी दाराशी घाम पुसत उभी.

मला भीती वाटते, बुटके. तालमीत मी वाक्यं ऐकतच नाही, ठोके ऐकते. तुला त्याची चाल आठवत असेल, गाडी सावकाश रुळांवरून जावी तशी. आता ती मध्येच गळते. एक ठोका, दुसरा, मग काहीच नाही. त्या काहीच नाहीमध्ये मी मनात आकडे मोजते. मग घाईघाईने दोन येतात.

आणि येत्या सोमवारी थेट प्रक्षेपण आहे. तासभर हात वर. समोर पोरं, मध्ये कुठेही कापता येणार नाही. थांब म्हटलं तर म्हणतो, "मी थांबलो तर साळूराव थांबेल. डोकं कुणाच्या हाती देऊ?" हेच वाक्य त्याने तुला ऐकवलं होतं आणि तू पिशवी उचलून निघून गेली होतीस. मी तेव्हा मूग गिळून बसले होते, पण ते आता राहू दे.

आज सकाळपर्यंत मला वाटत होतं, हट्टी आहे, त्याला कळत नाहीये. मग एक काटा टाचून घ्यायला इथे आले. शिवणाऱ्या बाईंच्या मांडीवर साळूरावाचं दुसरं डोकं उलटं करून ठेवलेलं. आतलं अस्तर उसवून त्या लहान करत होत्या.

"अहो, एवढं आवळताय कशाला? दादाचा पंजा जाणार आहे का त्यात?"

"साहेबांनीच सांगितलंय. लहान हाताला नीट बसलं पाहिजे म्हणाले."

"कधी सांगितलं?"

"झाले की दोन-तीन महिने. आता रोज विचारतात, झालं का, झालं का."

माझा हात तर दादासारखाच, फावडं. आपल्या घरात तसा लहान हात एकच आहे, तुझा. पण मला त्याचा आनंद झाला नाही गं. दोन-तीन महिने! शनिवारच्या आधीपासून. म्हणजे ते पहिल्यांदा नव्हतं. म्हणजे त्याला सगळं कळलंय आणि तो आवराआवर करतोय. बाईंनी स्टूल पुढे केलं, मी तिथेच हे लिहायला बसले.

तू ये. रविवारच्या आत ये. समेट करायला नको, माफी मागायला नको, तोही मागणार नाही. सरळ आत येऊन ते डोकं हातात घाल आणि म्हण, "सोमवारी मी उभी राहते, तू डॉक्टरकडे जा." मग त्याला सबब उरणार नाही. तुझा खोका मी टाकलेला नाही, त्यावर चहाचा कप ठेवते. उजव्या हाताला मी आहेच.

मी तुला कळवलं हे त्याला समजेल. माझ्याशी नातं तोडेल. तोडू दे. तोडायला तरी राहील.

कुरियरवाला खाली आलाय. पलीकडच्या खोलीत दादा एकटाच तालीम करतोय, पोरांना पुन्हा तीच बटणं हवीत म्हणे. पाच म्हणाला. सहा म्हणाला.

अजून काही म्हणत नाहीये.

मी पेन धरून बसलेय. उठवत नाही.

"सात." बटण खाली पडलं होतं वाटतं, वाकल्याचा आवाज आला. का मीच तसं समजून घेतेय.

ये गं.

भिंतीला कान लावून बसलेली,
तुझी आत्या