सहा जणांचा श्वास

प्रिय उत्तम,

तू स्टेजवरून उतरायच्या आत मी आईला टॅक्सीत घालून लालबागला घेऊन आले. भेटले असते तर चार लोकांत तुझा कान पिळला असता, आणि या वयात ते तुला शोभलं नसतं.

तुझ्या सॅक्सोफोनबद्दल मी कधी तक्रार केली नाही. गणपतीच्या मिरवणुकीत बँडबरोबर वाजवायचास, तेव्हा कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींपासून मी तुला लपवला, एवढंच. मग हॉटेलातले बँड झाले, मग जर्मनीतला तो चौघांचा ग्रुप. त्याच्या रेकॉर्डवर मला चाल अशी सापडली नाही. टेलिफोन खात्यात आयुष्यभर खरखर ऐकली, तशी तीही ऐकली. पण परवा परळला काय होतं ते? सहा जण, समोर कागद नाही, वाद्यातून सूर काढायचाच नाही, नुसती हवा. एकाने सुरू करायचं, बाकीच्यांनी ऐकून उचलायचं. आणि सुरू केलंस तू. आत ओढताना शिटी, मग अडकणं, मग जुनं धोतर फाटावं तसं बाहेर.

बाबांचा श्वास. गिरणीच्या कापसाने भरलेल्या छातीतला. तो तू ट्रॉम्बोनवाल्या गोऱ्या बाईला दिलास, तिने पुढच्याला. सहाही जण बाबांसारखे धापा टाकत होते आणि लोक तिकीट काढून, डोळे मिटून ऐकत होते.

आई मात्र पुढच्या खुर्चीतल्या अनोळखी मुलीची पाठ चोळायला लागली, खालून वर, बाबांची चोळायची तशी. मुलगी दचकली, मग गुपचूप बसून राहिली, देव तिचं भलं करो. तेवढ्यात तुम्ही सगळे त्या अडकण्यावर थांबलात. हॉल चिडीचूप. आणि आई मोठ्याने म्हणाली, “अहो, सोडा आता. सोडा श्वास.”

तू वर पाहिलं नाहीस, पण सोडलास. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या! पेपरात कुणा शहाण्याने लिहिलंय, वृद्धेच्या आवाजाची योजना प्रभावी होती. योजना म्हणे.

काल तुमच्या ग्रुपच्या कीर्तीचा फोन आला, रेकॉर्डमध्ये तो आवाज ठेवायचा की कापायचा. स्वतः विचारायची तुझी छाती झाली नाही. मी नाहीच म्हणणार होते. पण तुला एक माहीत नाही. बाबा गेले तेव्हा तू जर्मनीत, कोलोनला होतास. झोपेत गेले, असं आईने तुला कळवायला लावलं. ते झोपेत गेले नाहीत. श्वास आत गेला, अडकला, आणि सुटलाच नाही. आई पाठ चोळत तेव्हाही ‘सोडा श्वास’ हेच म्हणत राहिली होती. म्हणून काल मी तिलाच विचारलं. तिने एवढंच विचारलं, “त्यात ह्यांचा श्वास सुटतो ना?” सुटतो, म्हटलं. “मग राहू दे.” तेव्हा ठेव. आणि वादकांच्या नावांत आईचं, राधाबाईंचं, नाव घाल, तुझ्या नावाच्या वर.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
नलूताई