आधी पाणी

चौक, ता. खालापूर
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
ऋतिकाचा नमस्कार.

एका घरात राहून पत्र लिहायची वेळ आली, याला मी एकटी जबाबदार नाही. माझा हात भाजल्यापासून बारा दिवस तुम्ही माझ्याशी बोलत नाही. "तिला सांग जेवून घ्यायला," असं आईला सांगता, आणि मी तिथंच समोर बसलेली असते. तुमची सेकंड शिफ्ट, माझं सकाळचं कॉलेज, म्हणून हे डब्याच्या पिशवीत ठेवतेय. पूर्ण वाचा. अर्ध्यात घडी घालू नका.

आधी खुशाली. काल पट्टी बदलली. करंगळी अजून नीट वळत नाही, बाकीची बोटं वळतात. हात डावा आहे, त्यामुळे लिहायला अडचण नाही. परसातल्या वालाला शेंगा धरल्यात. आई म्हणते, यंदा पोपटीच्या मडक्यात भाजायला शेंगा विकतच्या आणायला नकोत.

आता सोमवारचं. तुम्ही प्राचार्यांना अर्ज दिलात की केमिस्ट्रीच्या सुरभी मॅडमनी निष्काळजीपणे पोरांच्या हाती घातक केमिकल दिलं, त्यांना काढून टाका. त्यावर येत्या सोमवारी प्राचार्यांनी तुम्हाला आणि मॅडमना समोरासमोर बोलावलंय. मॅडम तासिका तत्त्वावर आहेत, नेरळहून येतात. त्यांना काढायला कोणाला काही लागत नाही. त्या गेल्या की प्रयोगशाळेला कुलूप लागेल आणि आम्ही फळ्यावरचे प्रयोग जर्नलात उतरवून घेऊ. आणि बारावीनंतर मला तुम्ही कॉमर्सला घालणार. मामाला फोनवर सांगत होतात, "पोरीला कशाला पायजे ता केमिकल? आमी भोगला तेवडा बास हाय."

मी कॉमर्सला जाणार नाही. हे आधीच सांगून ठेवते.

आणि मॅडमनी त्या केमिकलची बाटली माझ्या हाती दिलीच नव्हती.

हात भाजला त्याच्या आधीच्या आठवड्यात त्या आम्हाला ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, शिकवत होत्या. कॉस्टिकमध्ये ओएच आणि स्पिरिटमध्येही ओएच, मग दोन्ही सारखेच का, असं माझ्या शेजारी बसणाऱ्या श्रियानं विचारलं. मॅडमनी उत्तर दिलं नाही, लाल लिटमस दिला. कॉस्टिकच्या पाण्यात तो निळा झाला, स्पिरिटमध्ये लालच राहिला. मग म्हणाल्या, कॉस्टिकचा ओएच पाण्यात सुटा होतो आणि दिसेल त्याला धरतो. स्पिरिटचा कार्बनला चिकटून बसलेला असतो, तो सहजासहजी सुटत नाही. नाव एक असलं म्हणून स्वभाव एक नसतो. बाबा, बारावीत आल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी पाठ न करता कळलं.

तरीही तोंडी परीक्षेच्या दिवशी मी घाबरले. ऐकून तुम्हाला राग येईल, येऊ दे. मी डाव्या तळहातावर बॉलपेननं सगळ्या चाचण्या लिहून नेल्या होत्या. मॅडम एकेक टेबल घेत माझ्याकडे सरकायला लागल्या तशी मी पुसायला काहीतरी शोधलं. मॅडमच्या टेबलावर, जिथं आम्हाला हात लावायची मनाई होती, तिथं एक बाटली होती. झाकण काढलं, स्पिरिटचा वास आला. करोनात दोन वर्षं सॅनिटायझर चोळलेले हात आमचे. बाटलीवरची चिठ्ठी वाचलीच नाही, तळहातावर ओतून घेतलं. स्पिरिटच होतं, पण त्यात कॉस्टिक पोटॅश विरघळवलेलं.

हात बुळबुळीत झाला तेव्हाच मला कळलं, यात कॉस्टिक आहे. नळ चार पावलांवर होता. मी नळाकडे गेले नाही.

मी दप्तराकडे गेले. प्रॅक्टिकल सुरू झाली त्या दिवशी तुम्ही कोकमाच्या आगळाची छोटी बाटली दिली होतीत, तुमच्या प्लँटवर सगळे खिशात ठेवतात तशी. "कास्टिक उडला का आदी आगळ चोळायचा गं, पानी मंग. आंबट लागला का तो मरतो." म्हणून मी आगळ चोळला आणि मूठ बंद केली. मूठ उघडली तर अक्षरं दिसतील. दहा मिनिटं मी तशीच उभी होते. श्रियानं माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून मॅडमना हाक मारली. त्यांनी वीस मिनिटं माझा हात नळाखाली धरला. अक्षरं त्यांनी पाहिली आणि अजून कोणाला सांगितलेली नाहीत. त्यांच्यावर अर्ज झाला तरी सांगितली नाहीत.

डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी लावलं असतं तर वरची साल गेली असती, एवढंच. हे मी तुम्हाला बारा दिवस सांगितलं नाही, कारण आगळ तुम्ही दिला होतात. तुमचं म्हणणं पुस्तकातही आहे. आम्ल आणि अल्क भेटले की क्षार आणि पाणी होतं. पण ते होताना उष्णता निघते, आणि तेवढ्या वेळात कॉस्टिक आत उतरलेलं असतं. ते धुऊनच काढावं लागतं, आणि भरपूर पाण्यानं.

तुमच्या दोन्ही हातांवरचे ते पांढरे डाग मी लहानपणापासून बघतेय. त्यातला किती भाग कॉस्टिकचा आणि किती आगळ चोळण्यात गेलेल्या वेळेचा, हे आता कोण सांगणार? वीस वर्षांत तुमच्या प्लँटवरच्या एकाही साहेबानं तुम्हाला हे सांगितलं नाही. राग करायचा तर त्यांचा करा. मला सांगणारी एक बाई भेटली, तर तुम्ही तिलाच काढायला निघालात. मला हे अजिबात पटलेलं नाही आणि मी गप्प बसणार नाही.

सोबत प्राचार्यांना द्यायचा माझा अर्ज आहे. घडलं तसं लिहिलंय, तळहातावरच्या अक्षरांसकट. परीक्षेत मला शून्य दिलं तर घेईन. आगळाबद्दल फक्त "घरगुती उपाय केला" एवढंच लिहिलंय. कोणाच्या घरचा, ते विचारलं तरी सांगणार नाही.

मी अजून सतराची, म्हणून खाली पालकाच्या सहीची जागा सोडली आहे. सही केलीत तर सोमवारी आपण दोघं तुमच्या गाडीवरून जाऊ. नाही केलीत तर मी एकटी एसटीनं येऊन कॉलेजजवळच्या शिळफाट्याला उतरेन, तुमच्यासमोर मॅडमच्या बाजूला उभी राहीन आणि ती जागा कोरी ठेवून अर्ज देईन. माझं नाव मात्र त्यावर पूर्ण असेल.

तुमचीच,
ऋतिका सहदेव ठोंबरे