सोनलचा चुडा यूनुसनेच भरला

प्रिय दोस्त रहीम,

आत्ता, तासाभरापूर्वी, तुझा यूनुस माझ्या नातीला लग्नाचा हिरवा चुडा भरून गेला! अक्षर वेडंवाकडं येईल. मी चौथी शिकलेला माणूस, पत्र कधी लिहितो? पण हे सांगू कुणाला? तू जाऊन दोन वर्षं झाली, तरी पहिली आठवण तुझीच झाली.

आधी गुन्हा कबूल करतो. मागच्या महिन्यात तेलगावात सभा झाली. मोठा पुढारी आला होता. बोलता बोलता तो ओरडला, "आपल्या लेकीबाळींचे हात या लोकांच्या हातात बांगड्या भरायला देऊ नका!" मांडव दणाणला. आणि रहीम, मीही टाळ्या वाजवल्या. का? शेजारचे वाजवत होते म्हणून? मी एकटा गप्प बसलेला कुणाला दिसेन म्हणून? माझ्या बायकोला, माझ्या लेकीला चुडा तूच भरलास. हे मला टाळ्या वाजवून झाल्यावर आठवलं!

त्यानंतर घरातलीच भाषा बदलली. माझा लेक दत्ता म्हणाला, "त्या लोकांना काहून बोलवायचं? माजलगावहून दुसरा कासार आणू." अरे, ज्याला तू खांद्यावर बसवून उरूस दाखवलास, तोच हा दत्ता!

मी त्याला अडवलं नाही. मला भावकीची भीती, व्याह्यांची भीती. पण सोनल कुणाचं ऐकते? "यूनुसकाका येणार नसतील तर मी मोकळ्या हातांनी बोहल्यावर चढते," म्हणाली. मग आज सकाळी मीच कुंकू-अक्षता घेऊन तुझ्या दारात गेलो.

यूनुस उठला नाही. बांगड्या पुसत म्हणाला, "काका, सभेला तुमी लई पुढं बसला हुतात. मी बाहेर गाडा लावून हुतो. समदं दिसलं."

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. "वाजवल्या बाबा टाळ्या," म्हटलं. "चुकलो."

"अब्बा असते तर?"

"चपलेनं हाणलं असतं मला."

"न्हाई काका. चार दिस बोलले नसते," तो म्हणाला, आणि बांगड्यांची पेटी उचलली.

यूनुस आमच्या अंगणात आला, तशा बायका बाजूला सरकल्या. दत्ता दारात उभा. यूनुसनं सोनलचा पंजा दाबला, तशी ती "आई गं!" करून ओरडली. "आताच समदं रडू नगं, सासरला जाताना काय करशील?" तो म्हणाला, अन् बायका खो खो हसल्या!

चुडा भरून झाला की भरणाऱ्याला नमस्कार करायचा, ही आपली रीत. सगळे बघत होते. सोनल वाकली, रहीम! अगदी पायाला हात लावून! मग तिच्या जागी कोण येऊन बसलं, सांग? सोनलची आई, दत्ताची बायको! दोन्ही हात पुढं करून. दत्तानं बघितलं, आत गेला, अन् यूनुससाठी चहा घेऊन आला. कप स्वतः त्याच्या हातात दिला.

तू का नव्हतास रे? अन् नव्हतास तेच बरं. ते भाषण तुझ्या कानांवर पडलं नाही.

उद्या वऱ्हाड येईल. नवऱ्याकडचे विचारतीलच, चुडा कुणी भरला म्हणून. माझा आवाज कापेल, मला ठाऊक आहे. तरी भर मांडवात, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगेन: रहीम मनियाराच्या लेकानं. आणि कुणी उठून गेलं, तर जाऊ देईन.

तुझा,
किसन