आयलंड बसतंच

२ फेब्रुवारी
ही जाऊन उद्या अकरा महिने. लेक दोन दिवस राहून आज गेली, आणि जाता जाता दम देऊन गेली. आधी ओट्यावर बोट फिरवून मला धूळ दाखवली. मग फ्रीज उघडला. आत एक सुकलेलं लिंबू आणि परवापासून हरवलेला माझा चष्मा. म्हणाली की बाबा, अकरा महिने तुम्ही हॉलमध्ये उभ्या उभ्या पाव खाताय, हे मी आता चालू देणार नाही. महिनाअखेरीस येते. तोवर स्वयंपाकघर सुरू झालेलं दिसलं नाही, तर घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे.
लेक आईवर गेली आहे. मी तोंडाने बघू म्हटलं आणि मनात म्हटलं, बघच तू.
संकल्प: महिन्याच्या आत स्वयंपाकघर सुरू करणे. स्वयंपाक येणे ही त्यातली किरकोळ बाब.

३ फेब्रुवारी, सकाळी १०
आमलेट करायला घेतलं. अंडं फोडेपर्यंत उत्तम चाललं होतं. मग पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं. वळून पाहिलं. अर्थात कोणी नाही. पुन्हा गॅसकडे तोंड केलं, पुन्हा तेच. असं सात वेळा. आमलेट करपलं.
मी भूमापन खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दोष डिझाइनचा आहे. ओटा भिंतीला लागून, त्यामुळे काम करणाऱ्याची पाठ सगळ्या खोलीकडे. कोणाच्याही अंगावर काटा येईल. हिने छत्तीस वर्षं अशा ओट्यावर कशी काढली कोण जाणे. हिच्या पाठीमागे तेव्हा मी असायचो म्हणा.

५ फेब्रुवारी
दाताच्या डॉक्टरकडे बसलो असताना मासिकात उत्तर सापडलं. आयलंड! खोलीच्या मध्यभागी सुटा ओटा. फोटोतला माणूस त्याच्यामागे उभा राहून गाजर चिरतोय, तोंड खोलीकडे, पाठीला पाठ म्हणून जुना ओटा. मागे कोणी उभं राहायचा प्रश्नच नाही. माणूस हसतोय. साहजिक आहे.
पान फाडून आणलं. फाडताना जोरात खोकलो, त्यामुळे कोणाला कळलं नाही. रिसेप्शनच्या बाईंनी खोकल्याचं औषध सुचवलं.

६ फेब्रुवारी
मापं घेतली. स्वयंपाकघर अकरा फूट बाय नऊ फूट. नवातून ओट्याचे दोन गेले, राहिले सात. आयलंड चार फूट लांब, अडीच फूट रुंद. उरले साडेचार फूट, दोन्ही बाजूंना मिळून. बसतं. बसतंच!
लोक उगाच म्हणतात की लहान स्वयंपाकघरात आयलंड मावत नाही. लोकांना नाचता येत नाही आणि अंगणाला नावं ठेवतात.

८ फेब्रुवारी, दुपारी ४
कोपऱ्यावरच्या दुकानातून वॉशिंग मशिनचे रिकामे खोके आणले आणि चिकटपट्टीने जोडून मापाबरहुकूम आयलंड उभं केलं. त्यामागे उभा राहिलो. तोंड खोलीकडे. फार बरं वाटलं.
तेवढ्यात साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं. ही बरोबर चारला चहा टाकायची, तेव्हा वाजायचं तसंच. कारण: उन्हाने पत्रा प्रसरण पावतो. डबा सावलीत असतो, पण पत्र्याचा काही भरवसा नाही.
चहा करून प्यायलो. दोन कप झाला. अंदाज चुकला.

११ फेब्रुवारी
सुतार येऊन गेला. अबोल माणूस, कानावर पेन्सिल. खोक्यांभोवती एक चक्कर मारून म्हणाला की काका, ओट्याच्या बाजूला अडीच फूट ठेवू, पलीकडे दोन. आरामात बसतं.
मी म्हटलं ओट्याच्या बाजूला चार फूट हवेत. त्याने विचारलं का. मी म्हटलं, एक जण गॅसपाशी असताना दुसऱ्याला मागून धक्का न लागता जाता आलं पाहिजे. त्याने हॉलकडे पाहिलं, बेडरूमकडे पाहिलं आणि घरात किती माणसं असतात असं विचारलं. मी म्हटलं त्याचा सुतारकामाशी काय संबंध?
मग म्हणाला की चार अलीकडे ठेवले तर पलीकडे सहा इंच उरतात. त्याला आयलंड म्हणत नाहीत, ते भिंतीशी भांडलेलं टेबल झालं.
अबोल माणसं बोलली की असं बोलतात. उद्या कळवतो म्हटलं.

१३ फेब्रुवारी
प्रयोग केले. खोके सरकवून साडेतीन फूट ठेवले, तीन ठेवले, आणि ट्रे घेऊन ये-जा केली. एक गोष्ट लक्षात आली. गॅसपाशी आलो की मी अंग चोरून, खांदा तिरका करून जातो. तिथे अडायला काही नाही. मुद्दाम सरळ जाऊन पाहायचं ठरवलं. चार वेळा. चारही वेळा खांदा आपोआप तिरका झाला.
निष्कर्ष: अनोळखी माणसांना चार फूट लागत असतील. एकमेकांच्या सवयीच्या माणसांना तीन पुरतात.
सुताराला फोन करून तीन सांगितले, पलीकडे दीड. ऑर्डर पक्की. आयलंड अखंड हवं, जोड नको, खिळखिळं काम मला चालत नाही. त्याने स्वयंपाकघराच्या दाराचं माप विचारलं. म्हटलं घेऊन ठेवतो.

१५ फेब्रुवारी
लेकीचा फोन. तिने माझ्यासाठी एक खोली रिकामी करून ठेवली आहे. खिडकी मोठी, खाली बाग. मी म्हटलं कशाला त्रास घेतेस. ती म्हणाली की बाबा, तिथे काय ठेवलंय तुमचं?
मी नळाच्या वॉशरचं कारण सांगितलं. शिवाय वीजबिल, शिवाय घर बंद राहिलं की भिंतींना ओल येते.
मी इथून गेलो तर हिने एकटीने इथे काय करायचं?
वरचं वाक्य खोडायचं आहे. पेन नीट चालत नाही. उद्या खोडीन.

१७ फेब्रुवारी
दाराचं माप घ्यायला गेलो. घेतलं नाही. उजेड कमी होता. (सकाळचे अकरा.)

१९ फेब्रुवारी
दार. टेप सापडेना. अर्धा तास शोधल्यावर खिशात सापडला. तोवर मूड गेला.

२० फेब्रुवारी
दार. गेलो आणि परत आलो. कारण लिहिण्यासारखं नाही.
सुताराचा पुन्हा फोन. काका, आता चिकटवायला घेतोय, दारातून जाईल ना? मी म्हटलं अरे, मी अख्ख्या गावांची मापं घेतली आहेत, तू मला दारं शिकवतोस? जगातलं कुठलंही दार अडीच फुटांहून मोठंच असतं. तो बरं म्हणाला. त्याचं बरं मला आवडलं नाही.

२४ फेब्रुवारी, दुपारी १
आज विजय! खोक्यांमागे उभं राहून बटाटे सोलले, उकडले, मीठमिरी घालून खाल्ले. बसून खाल्ले. मध्येच मान वर करून मिठाबद्दल विचारलं. कोणाला असं नाही, सहज.
दोन ताटल्या घेतल्या होत्या. एक सालींसाठी.

२७ फेब्रुवारी
लेक सकाळी आली आणि पाठोपाठ आयलंड आलं. काम सुरेख आहे, सांध्यात नखही शिरायचं नाही अशी सफाई. सुतार आणि त्याचा भाऊ उचलून आत नेऊ लागले आणि स्वयंपाकघराच्या दारात घोडं अडलं.
आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. मी सूचना देत होतो. सुताराच्या भावाने मला सूचना थांबवायची विनंती केली. शेवटी ते हॉलमध्येच ठेवलं, सोफ्यासमोर. सोफ्यावर बसलं तर पलीकडचं काही दिसत नाही.
लेक आधी हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाली की बाबा, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यात आणि स्वतःच्या घराचं एक दार मोजता आलं नाही? मी विसरलो म्हटलं.  ती स्वयंपाकघरात जाऊन बाहेर आली आणि हळूच म्हणाली की ओटा पुसलेला आहे. बटाट्याच्या साली पण दिसल्या तिला.

२८ फेब्रुवारी, दुपारी
सुताराने उपाय काढला. दाराची चौकट काढून टाकायची, थोडी भिंत फोडायची, आयलंड आत घ्यायचं. किती फोडायची त्यासाठी त्याला आत्ताच्या आत्ता दाराचं नेमकं माप हवं. लेक म्हणाली की ठीक आहे बाबा, एवढं करताय तर राहा इथेच, मी नाही नेत. म्हणजे मी जिंकलो.
मोजायचं ते मीच, असं म्हणून टेप घेऊन उठलो.
आता खरं काय ते लिहितो. मी विसरलो नव्हतो. तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा ही दारात उभी होती. मी वर्षाकाठी एकदा चहा करायला घ्यायचो, तेव्हा दूध उतू जाईल म्हणून अशीच चौकटीला टेकून बघत राहायची. आयलंडमागे उभं राहिलं की तोंड नेमकं दाराकडे येतं. हे मासिकात दिलेलं नव्हतं. माणूस उभा असताना त्याच्या अंगावरून टेप कसा लावायचा? मी दर वेळी वाट पाहिली आणि परत आलो. मला घाई नव्हती. ही तिथे होती, माझं बरं चाललं होतं.
आज हॉलमध्ये तिघं खोळंबलेले. लेक दोनदा ओरडली, घेतलं का, म्हणून. मी हिला म्हटलं, जरा सरक.
हिला सरक म्हटलं की आधी दोन शब्द ऐकून घ्यावे लागायचे आणि मग ती अर्धं पाऊल हलायची. आज मुकाट्याने सरकली.
सत्तावीस इंच. ओरडून सांगितलं. सुताराने लिहून घेतलं, म्हणाला की उद्या सकाळी बसवून देतो.
मी टेप धरून तिथेच थांबलो, झालं माप, आता परत येईल म्हणून. चार वाजले. लेकीने चहा केला. साखरेचा डबाही तिनेच उघडला. मी दारातून हललो नाही.
आली नाही.