चौथं ताट

प्रिय मिलादिनदादा,

तू व्हिएन्नाहून पाठवलेला चॉकलेटचा डबा पोचला. बाबांनी उघडला नाही. मी रागारागाने शेजारी वाटून टाकला.

आपल्या द्राक्षमळ्यात सापडलेल्या रोमन ताटांचं संशोधन एकदाचं संपलं. पाच वर्षं माती तपासणारे, धातू तपासणारे, लॅटिन वाचणारे आपल्या अंगणात बसून आईच्या हातची चीजची पिटा खात होते. तीन ताटांच्या पाठीवर कोरलेलं एकूण वजन चार ताटांचं आहे, हे लॅटिनवाल्याने सांगितलं आणि तिथून गावाने बाबांचं जिणं नकोसं केलं. खाणावळीत ग्वोझ्देन न्हाव्याने भर गर्दीत विचारलं, "काय स्वेतोझारकाका, चौथ्या ताटात रोज जेवता की फक्त सणाला?" ज्या माणसाने सापडल्या दिवशीच ताटं ट्रॅक्टरमध्ये घालून संग्रहालयात पोचवली, त्याला हे ऐकावं लागलं! बाबांनी खाणावळीत जाणंच सोडलं. तुला फोनवर सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, लोकांचं काय मनावर घ्यायचं.

गेल्या महिन्यात चौथं ताट परदेशातल्या एका धनिकाकडे सापडलं. वरून घासूनपुसून लख्ख, पण बुडाच्या खाचेत चिमूटभर माती राहिली होती. मातीच्या तज्ज्ञ यागोदाबाईंनी ती सुईने काढली. त्यात मोरचूद निघालं, चुना निघाला. ते काय, सगळेच मळ्यात फवारतात. पण कार्प माशाची खवलंही निघाली. दादा, अख्ख्या गावात वेलांच्या मुळाशी माशांची घाण पुरणारा वेडा एकच. स्वेतोझारची वाइन काटे काढून प्यावी लागते, असं लोक म्हणतात ना, तोच.

यागोदाबाई म्हणाल्या, ही खवलं वरच्या हातभर मातीतच आहेत आणि खजिना तर पुरुषभर खोल होता. म्हणजे ताट काढून कुणीतरी पुन्हा वर पुरलं होतं. तेव्हा मला आठवलं. बाबांना तीन ताटं मिळाली, त्याच्या आदल्या दिवशी त्याच जागी खड्डा तू एकटा खणत होतास. एरवी माशाच्या खताला नाक दाबून पळणारा तू, त्या वर्षी म्हणालास, खत मी एकटाच घालतो. विहिरीकडच्या ओळीला कुणाला कुदळ लावू दिली नाहीस. आणि मी मूर्ख, आईला सांगत होते, दादा सुधारला बघ! बाप चोर ठरत होता आणि तू तिकडे नव्या घराला फरशी बसवत होतास. लाज कशी वाटली नाही रे तुला?

परवा पोलीस आले. यागोदाबाईंनी अहवाल वाचला. बाबांनी तो शांतपणे ऐकला, टोपी काढली आणि म्हणाले, "मीच पुरलं, मीच विकलं. पोरांना यातलं काही ठाऊक नाही." जन्मात पहिल्यांदा मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं. पोलीस गेल्यावर मी कडाकडा भांडले, तर म्हणाले, "विदा, त्याला तिकडे दोन लेकरं आहेत. माझं नाव काय, गावाने कधीच बुडवलंय." सोमवारी त्या जबाबावर त्यांना कोर्टात सही करायची आहे. रविवारच्या बसने ये. नाही आलास, तर त्यांच्याआधी मी उभी राहीन आणि तुझं नाव घेईन. मग बाबांनी जन्मभर माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल.

अजून तरी तुझीच,
विदोसावा