दहा मिनिटं फोन करू नकोस

२० एप्रिल
आलो एकदाचे! सात वर्षं ट्रान्झिट कॅम्पात काढून पुन्हा लालबागला, आपल्याच चाळीच्या जागेवर, पण आता चौदाव्या मजल्यावर. आईने आल्या आल्या बाबांचा फोटो टांगला आणि गिरणीची चिमणी कुठे दिसायची ते त्या फोटोलाच खिडकीबाहेर बोट करून दाखवलं. मग फ्लश तीनदा ओढून बघितला. जाम खूश आहे म्हातारी. मीही.
एकच कटकट आहे. घरात मोबाईलला शून्य रेंज. फोन लागतो तो वायफायवरूनच. म्हणजे इथे माझंच राज्य!

२१ एप्रिल
माळ्यावर सर्व्हरची पेटी चढवली. पेटी एकच, पण तिच्या पोटात चार मशिनी चालतात. एकीत सिनेमे, एकीत फोटो, एक ऑफिसची, आणि चौथी म्हणजे घराचा राऊटर. वेगळा डबा नाहीच, नुसतं सॉफ्टवेअर. फायरवॉलही तोच. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे दारावर बसून तोच ठरवतो.
ऑफिसातला विनीत म्हणाला, येडा झालास काय निल्या, पेटी बंद पडली तर अख्खं घर तुटेल, शे-दोनशेचा जुना राऊटर बाजूला ठेव. मी म्हटलं, माझी पेटी पडत नाही.
राऊटरच्या यादीत आईच्या फोनला नाव दिलं, ‘मालन मॅडम’. तिने वर बघून विचारलं, “मेल्या, त्या खोक्यात काय अंडी उबवतंस?”

२७ एप्रिल
मसाल्याचे दिवस. आठवडाभर गच्चीवर मिरच्या वाळत होत्या, त्या भाजून कांडून आणायला आई बाजारात गेलीय. चल म्हणाली होती सोबत. मला पेटीत नेटचं नवीन कार्ड बसवायचं होतं. जाताना तिला सांगितलं, दहा मिनिटं फोन करू नकोस, नेट बंद असेल. ती म्हणाली, तुझ्या नेटाक लागली आग.

४ मे
लिहायलाच हवं.
दहा नाही, पन्नास मिनिटं लागली. आतल्या राऊटरला नवं कार्ड द्यायचं होतं, मी घाईत जुनंच, ज्यावरून मी स्वतः पेटीत शिरतो तेच, देऊन टाकलं, आणि स्वतःच्याच पेटीतून बाहेर फेकला गेलो. वायर काढ, वायर घाल, शिव्या घालत बसलो होतो.
तेवढ्यात खाली लिफ्ट बंद पडली. वॉचमन रघु सांगतो, मावशी पिशवी घेऊन उभ्या होत्या, फोन लावत होत्या. पोरगा उचलीत नाही म्हणाल्या, चढते हळूहळू.
नेट आलं तेव्हा माझ्या मोबाईलवर एकदम अकरा मिस्ड कॉल पडले. पाठोपाठ दार वाजलं. नवव्या मजल्यावरच्या कौसल्याकाकू होत्या. आई त्यांच्या जिन्यात बसली होती. पाच किलो मसाल्याची पिशवी मांडीवर, फोन हातात.
डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणतो, मी.

९ मे
तेरावं झालं. पाहुणे गेले. आईचा फोन बंद करून तिच्या साडीत गुंडाळला, कपाटात ठेवला.
संध्याकाळी सहा चाळीसला फायरवॉलच्या नोंदीत ओळ आली. ‘मालन मॅडम’ आत येऊ बघतायत. सिग्नल अगदी बारीक, तळमजल्यावरून यावा इतका. तिथवर माझं वायफाय पोचतच नाही.
कपाट उघडलं. फोन बंदच होता.

११ मे
रोज सहा चाळीस. सिग्नल वाढतोय. कौसल्याकाकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, चौथ्या मजल्याच्या जिन्यात कोण मिरची भाजतंय रे, ठसका लागून जीव जातो.

१३ मे
आज आठव्यावर ठसका. म्हणजे रोज दोन मजले. चढतेय ती.
उद्या नववा ओलांडेल, मग वर. माझ्या दारात. पेटी उघडली, तिच्या नावापुढे ‘ब्लॉक’ दाबलं. आईच्या नावापुढे. देवा.

१४ मे
सहा चाळीस. ओळ आली. सिग्नल पुन्हा तळमजल्याइतका.
मी तिला खाली ढकललं. सगळे जिने परत. ते गुडघे, ती पिशवी—
ब्लॉक काढला. फरशीवर बसून लहान पोरासारखा रडलो. आई, चुकलो गं. ये तू. आता पेटीला हात लावणार नाही.

१९ मे
दहावा. नववा ओलांडला तिने! घाबरलोय, आणि टाळ्या वाजवाव्याशा वाटतायत.

२० मे
बारावा. उद्या इथे.
खाली नोटीस लागलीय. उद्या सहा ते आठ वीज नाही. पेटीची बॅटरी चाळीसच मिनिटं टिकते. पेटी बंद पडली तर ती परत तळाला.
विनीतला फोन केला. तो म्हणाला, घर सोड, माझ्याकडे ये. नाही जाणार. मागच्या वेळी मी घरात असून नसल्यासारखा होतो.

२१ मे
६.०५ – वीज गेली. सिनेमे, फोटो, ऑफिस, सगळ्या मशिनी बंद केल्या. राऊटर तेवढा चालू. बॅटरी पुरव रे बाबा.

६.३३ – मिरचीचा ठसका. घरात. डोळ्यांतून पाणी.

६.३८ – जिन्यात पावलं. दोन पायऱ्या, थांबणं. दोन पायऱ्या. धाप ऐकू येते. तशीच, तिचीच. मला दार उघडायचं नाही. मला— काय दिसेल—

६.४० – पूर्ण सिग्नल. दाराबाहेर.
पेटी बंद पडली. पाच मिनिटं आधीच. गेली. परत ढकललं मी तिला, आई गं, परत—

नाही.

फोन वाजतोय माझा. नेट नाही, रेंज नाही. ‘मालन मॅडम’.

उचलला. ती विचारते, झाला काय रे तुझा काम, पिशवी जड हा—

झालं आई. झालं. तू खाली ठेव ती, मी घेतो. कडी काढतोय, थांब हं, एक मिनिट, या वेळी खरंच एकच मि