मधल्या भिंतीचा नकाशा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय लोकांची घरे आतून सजवून देण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहिते. ‘स्वखुशीने’ हा शब्द वकिलांनी घालायला लावला. बुद्धी शाबूत आहे. पाय मात्र न्हाणीघरात पडल्यापासून साथ देत नाहीत. याआधी कुठे काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

माझी टेप, मोजपट्ट्या, रंगांचे नमुने आणि नकाशाचे मोठे टेबल सुतारदादांना द्यावे. दार कुठल्या बाजूला उघडावे यावरून आम्ही जन्मभर भांडलो. माघार कुणीच घेतली नाही, पण आमचे एकही दार कधी अडले नाही.

बँकेत जे असेल ते माझ्या आजारपणाला लावावे, उरेल ते नातवंडांना सारखे वाटावे. पाटल्या दोन आहेत, दोन्ही सुनांना एकेक.

नणंदेला वेगळे काही देत नाही. वहिनी परक्यांच्या घरी पडदे लावत फिरते, असे ती चारचौघांत म्हणायची. तिच्या जिभेला हाड नाही. तिच्या दिवाणखान्यातले पडदे मीच फुकट करून दिले होते, ते तिच्याकडेच राहू द्यावेत.

आता घर. ते आमच्या ह्यांच्या माघारी माझ्या एकटीच्या नावावर आहे. दोघे मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत, पण मधून भिंत घालायची यावर मात्र त्यांचे लगेच एकमत झाले. थोरला म्हणाला, “आई, नकाशा तूच काढ ना. बाहेरचा माणूस कशाला?” मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू.

घरात कोण कोण राहणार, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारते. थोरल्याला विचारले. “आम्ही दोघं आणि मुलं. आणखी कोण असणार?” मग धाकट्याला विचारले. “आम्ही तिघं. आणि हिची आई अधूनमधून येते, तिला एक खोली लागेल.”

“आणि मी रे?”

“तू दादाकडे ना?”

थोरल्याला पुन्हा हाक मारली. तो म्हणाला, “मला वाटलं, तुझं आणि त्याचं ठरलंय.”

दोघांपैकी कुणीही खोटे बोलत नव्हते. त्याचेच मला जास्त लागले.

वकील म्हणतात, अट घाला, मला सांभाळेल त्यालाच घर. ती अट मी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. पोटच्या पोरांकडे जागा मागायला कलम लागत असेल, तर ते कलम घेऊन मी जाऊ कुठे? घर दोघांना निम्मे निम्मे, बिनशर्त.

मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. मला तेवढा धीर नाही, म्हणून याची एकेक प्रत आजच दोघांच्या हातात द्यावी. बाळांनो, मला भीती वाटते. मला कुठे पाठवू नका. खोली नको, खिडकी नको, येण्याजाण्याच्या वाटेतही मी पडून राहीन.

नकाशा सोबत जोडला आहे. भिंत बरोबर मधोमध आहे, उजेड दोघांना सारखा मिळेल. सामान नीट बसते की नाही हे बघायला मी त्याच मापाचे कागदी तुकडे कापते आणि नकाशावर सरकवून पाहते. एका खोलीत सहा माणसे निजतील अशी घरे मी लोकांना करून दिली आहेत. इथे माझी खाट सगळीकडे सरकवून पाहिली. थोरल्याकडे मुलांच्या टेबलावर चढते, धाकट्याकडे विहीणबाईंच्या दारात येते. तो तुकडा पाकिटात सुटाच ठेवला आहे. दोघांनी एकत्र बसून तो कुठे ठेवायचा ते बघा.

साक्षीदार: १. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. रंगारी, माझ्याकडे कामाला असलेले (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: डॉक्टरीणबाईंनी आपल्या सहीखाली घातली आहे तीच

सही: तुमची आई